उत्तर येईल हे गृहीत धरून

सातारच्या पोस्टात तिकीट घेऊन स्वित्झर्लंडला एक चित्रकार्ड टाकलं, तर तिकिटाचे पैसे जमा होतात भारतीय टपाल खात्याकडे. ते कार्ड बर्न शहरातल्या एखाद्या घरापर्यंत नेऊन देणाऱ्या पोस्टमनला पगार देतं मात्र स्विस टपाल खातं. मग या शेवटच्या टप्प्याच्या कामाचे स्विस खात्याला किती पैसे मिळत असतील? जवळजवळ शंभर वर्षं या प्रश्नाचं उत्तर होतं, एक छदामही नाही. स्विस लोकांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. तिकडून इकडे येणाऱ्या पत्रांचे पैसे तेही असेच स्वतःकडे ठेवत होते.

ही व्यवस्था ठरली ती बर्नमध्येच, ९ ऑक्टोबर १८७४ रोजी. त्याआधी प्रत्येक दोन देशांचा आपसांत वेगळा टपाल करार असे. पत्र कुठल्या बोटीनं जाणार, वाटेत किती देश ओलांडणार, यावर दर ठरे. एकाच गावाला जाणाऱ्या एकाच वजनाच्या पत्राला मार्ग बदलला की दर बदले, आणि कोणत्या देशाला किती पै द्यायची याच्या वह्या लिहिण्यात कारकुनांचे दिवस जात. जर्मन टपाल खात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन स्टेफान यांनी या गुंत्यावर जो तोडगा पुढे रेटला तो २२ देशांनी मान्य केला. टपालापुरतं सगळ्या सभासद देशांचं मिळून एकच राज्य समजायचं. पंधरा ग्रॅमच्या पत्राचा दर साधारण पंचवीस सांतीम, कार्डाला त्याच्या निम्मा. वाटेतल्या देशांना वाहतुकीचा मोबदला द्यायचा, पण बाकी हिशेब ठेवायचाच नाही. ज्यानं तिकीट विकलं, त्यानं पैसे ठेवायचे.

हिशेब न ठेवण्याचं कारण मोठं गोड होतं. पत्राला उत्तर येतं, असं या मंडळींनी गृहीत धरलं होतं. जेवढी पत्रं जातील, तेवढीच फिरून येतील, मग कोण कुणाचं देणं लागतं हे मोजायचं कशाला? या देशांच्या टपाल संघात ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ मध्ये आला. आज त्या संघाचं नाव जागतिक टपाल संघटना, सभासद १९२, आणि ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन.

परदेशातल्या अनोळखी माणसाशी कार्डांची आणि तिकिटांची अदलाबदल करण्याचा छंद या एका गृहीतकावर उभा आहे. आपण पाठवलं, तर समोरून येईल. समोरचा कोण, कसा, खरा की लबाड, काही ठाऊक नाही. तरी पाठवायचं. एरवी व्यवहारात पै-पैशाचा चोख असलेला माणूस या बाबतीत इतक्या उधारीवर चालतो, याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. त्या उधारीला आधार काय, हे बघायचं तर कार्डाचा आणि तिकिटाचा रस्ता वेगवेगळा बघावा लागतो.

आधी कार्ड. उघडं, पाकिटाशिवायचं, ठरावीक मापाचं पत्र ही कल्पना याच स्टेफाननी १८६५ मध्ये मांडली होती. ती फेटाळली गेली. चार वर्षांनी एमानुएल हेरमान नावाच्या ऑस्ट्रियन अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात लेख लिहून तीच गोष्ट पैशांच्या भाषेत सांगितली. चार ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट, लाख आणि वेळ किती वाया जातो, याचा हिशेब वाचून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्याला तो पटला, आणि १ ऑक्टोबर १८६९ ला जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड विक्रीला आलं. पहिल्या तीन महिन्यांत जवळपास तीस लाख कार्डं खपली. नोकरचाकर आपला मजकूर वाचतील ही भल्या घरांतली भीती स्वस्ताईपुढे टिकली नाही. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ मध्ये, किंमत पाव आणा. पुढं मराठी घरांतली लग्नं, बाळंतपणं, आजारपणं आणि उधारीच्या मागण्या या कार्डावरून कशा फिरल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

चित्रकार्डांचा मामला त्यानंतरचा. सुरुवातीला एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला फक्त पत्ता, असा नियम असे. मजकूर लिहायचा तर चित्राच्याच कडेला, आकाशात किंवा समुद्रात. त्या काळच्या कार्डांवर ताजमहालाच्या घुमटाशेजारी कुणाच्या तरी सर्दीची बातमी वाचायला मिळते ती यामुळे. १९०२ मध्ये ब्रिटननं पत्त्याची बाजू उभी दुभंगून अर्ध्या भागात मजकूर लिहायला परवानगी दिली, आणि पाच-सहा वर्षांत बहुतेक देशांनी तेच केलं. मग चित्राला अख्खी बाजू मिळाली, आणि कार्ड हे पाठवण्याइतकंच जमवण्याची वस्तू झालं. मुंबईच्या रस्त्यांवरची माणसं, पेहराव, लकबी आपल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी या काळात कार्डांसाठी रंगवल्या. ती कार्डं इथल्या गोऱ्या साहेबांनी आणि प्रवाशांनी मायदेशी धाडली. त्यामुळे धुरंधरांची मुंबई बघायची तर आज अनेकदा परदेशी संग्राहकाचा अल्बम उघडावा लागतो.

तिकिटांचं प्रकरण अधिक हिशेबी. तिकिटाला किंमत छापलेली असते, आणि संग्राहकाच्या लेखी दुसरीच किंमत असते. ती दुसरी किंमत ठरवायला कॅटलॉग निघाले. लंडनच्या स्टॅन्ली गिबन्सची पहिली दरसूची १८६५ ची, न्यूयॉर्कच्या स्कॉटची १८६८ ची, फ्रान्समध्ये इव्हेर, जर्मनीत मिशेल. दोन अनोळखी माणसांच्या अदलाबदलीत हा कॅटलॉगच पंच. “मिशेलच्या भावानं शंभर युरोची तिकिटं मी देतो, तेवढ्याच भावाची तू दे,” असा सौदा होतो, पण पैसा कुणीच कुणाला देत नाही. कॅटलॉगमधला भाव बाजारात मिळत नाही, हे दोघांना माहीत असतं. दोघंही एकाच खोट्या मापानं मोजतात, म्हणून सौदा खरा ठरतो.

ज्यांना एवढं गणित नको असतं ते ‘एकास एक’ करतात. तुझी शंभर वेगवेगळी, माझी शंभर वेगवेगळी, आकारानं मोठी असली तर उत्तम. आपल्याकडे शाळेतल्या मुलांनी ‘डबल’ तिकिटं घेऊन हेच केलं. सौदा कुठल्याही पद्धतीचा असो, शिस्त एकच. तिकिटाचा एक दातही तुटलेला चालत नाही, मागची बाजू सोलवटलेली चालत नाही, शिक्का असा हवा की चित्र झाकलं जाऊ नये. दात मोजायलाही माप आहे. दोन सेंटिमीटर लांबीत किती भोकं बसतात, तो आकडा. हे माप १८६६ मध्ये पॅरिसच्या लग्रां नावाच्या डॉक्टरांनी रूढ केलं आणि अजूनही तेच चालतं. दिसायला जुळी असलेली दोन तिकिटं, एकाचे दात १३ आणि दुसऱ्याचे १४, एवढ्यावर किंमत कित्येक पटींनी बदलू शकते. अशा फरकानं अस्वस्थ होणारी माणसं जगभर आहेत आणि त्यांना एकमेकांची भाषा येत नसली तरी पट्टी कळते.

पाकिटावरचं तिकीट कात्रीनं थोडा कागद ठेवून कापायचं, कोमट पाण्यात सोडायचं, आपोआप सुटलं की टिपकागदावर पालथं वाळवायचं, हा या छंदाचा रोजचा स्वयंपाक. हल्ली बऱ्याच देशांची तिकिटं चिकटपट्टीसारखी असतात. ती पाण्याला दाद देत नाहीत. अमेरिकेची गेल्या वीसएक वर्षांतली तिकिटं भिजवायला गेलात तर हाती लगदा येईल. अशी तिकिटं कागदासकट कापून ठेवावीत हे बरं.

सरकारांनाही या अदलाबदलीत रस होता. सोव्हिएत रशियानं १९२२ पासून दहाएक वर्षं परदेशांशी होणाऱ्या तिकिटांच्या देवाणघेवाणीवर कर बसवला होता. तिकिटांचं पाकीट बाहेर धाडायचं, तर ते आधी सरकारी छंद-कचेरीत दाखवायचं आणि त्यावर कराचं वेगळं तिकीट चिकटवायचं. ती कराची तिकिटं आज स्वतःच संग्राह्य झाली आहेत. संग्राहकाच्या खिशावर डोळा ठेवणारे उलट दिशेनेही होते. १९६० च्या दशकात अजमान, फुजैरा, उम्म अल् क्वैन अशा आखाती शेखांच्या चिमुकल्या राज्यांनी परदेशी व्यापाऱ्यांना तिकिटं छापायचे हक्क देऊन टाकले. वाळवंटात पत्रं मोजकी, तिकिटं मात्र अंतराळवीर, फुलपाखरं, युरोपीय चित्रकार आणि ऑलिंपिकच्या खेळाडूंची. ज्यांनी सत्तरच्या दशकात शाळेत तिकिटं जमवली त्यांच्या अल्बममध्ये ही भडक, मोठाली तिकिटं हमखास सापडतील. त्यांना किंमत नाही, असं जाणकार नाक मुरडून सांगतात. मला ती आवडतात. बाजारासाठी छापलेली असली तरी एका पिढीला जगाचा नकाशा त्यांनीच दाखवला. भूतानची गंमत याहून वरची. त्या देशानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चक्क ग्रामोफोनवर वाजणारी तबकडी-तिकिटं काढली.

आता उधारीचा प्रश्न. समोरच्यानं उत्तर द्यावं, पण त्याच्या खिशाला तिकिटाचा भुर्दंड पडू नये, यासाठी १९०६ च्या रोमच्या टपाल परिषदेत एक कूपन निघालं. आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन. ते आपल्या पोस्टात विकत घ्यायचं, पत्रात घालायचं. पलीकडच्यानं ते आपल्या पोस्टात दिलं की त्याला परत पत्र धाडण्यापुरतं तिकीट मिळे. सभ्य माणसांची सोय. पण प्रत्येक देशात कूपनाची किंमत त्या देशाच्या चलनात ठरलेली, आणि पहिल्या महायुद्धानंतर इटलीचा लिरा कोसळलेला. १९१९ मध्ये बोस्टनमधल्या चार्ल्स पॉन्झी नावाच्या इसमाला स्पेनहून आलेल्या पत्रात असं कूपन मिळालं, आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरलं. इटलीत स्वस्तात कूपनं घ्यायची, अमेरिकेत वटवायची. पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा, असं त्यानं लोकांना सांगितलं. लोकांनी रांगा लावल्या. १९२० च्या उन्हाळ्यात कुणीतरी गणित केलं की त्यानं घेतलेल्या पैशांना पुरायला सोळा कोटी कूपनं लागतील, आणि जगात फिरणारी कूपनं होती सुमारे सत्तावीस हजार. पॉन्झी नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना नफा वाटत होता. अशा फसवणुकीला अजून त्याचंच नाव आहे. उत्तराची हमी म्हणून काढलेल्या कागदाच्या नावावर इतका मोठा विश्वासघात व्हावा, हा योगायोग बोचरा आहे.

प्रत्यक्ष छंदातली फसवणूक त्या मानानं किरकोळ. आपण चांगली तिकिटं पाठवतो, पलीकडून फाटकी येतात किंवा काहीच येत नाही. म्हणून रूढी अशी की नवख्यानं आधी पाठवायचं, पहिला सौदा छोटा ठेवायचा, आणि जुन्या खेळाडूचं पाकीट त्यानंतर येतं. थोडं अपमानास्पद वाटतं, पण चालतं. तरीही दोघांच्या सरळ अदलाबदलीत एक खोट राहतेच. पलीकडचा आजारी पडला, कंटाळला, वारला, की सौदा तिथंच संपला.

या खोटीवरचा उपाय पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याला सुचला. पाउलो मागाल्याइश. पत्रपेटीत बिलांशिवाय काही यावं, एवढीच त्याची हौस. १४ जुलै २००५ ला त्यानं ‘पोस्टक्रॉसिंग’ सुरू केलं. पहिला संगणक त्याच्या घरातल्या कपड्यांच्या कपाटात ठेवलेला होता. पद्धत अशी: तुम्ही पत्ता मागायचा, यंत्र कुठल्यातरी देशातल्या कुण्या सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक देतं. भारतातून जाणाऱ्या कार्डाच्या क्रमांकाआधी भारताची दोन इंग्रजी अक्षरं असतात. हा क्रमांक कार्डावर लिहायचा आणि कार्ड टाकायचं. ते ज्याला मिळेल तो क्रमांक नोंदवतो. नोंद झाली की तुमचा पत्ता रांगेत लागतो आणि तुम्हाला कार्ड येतं, पण ज्याला पाठवलं त्याच्याकडून नव्हे. तिसऱ्याच कुणाकडून.

ही आपली भिशी झाली. मी आज ज्याला दिलं, त्यानं मला परत करायची गरज नाही, माझी पाळी कुणातरी दुसऱ्याच्या हातून येईल. फरक इतकाच की भिशीत शेजारपाजारची माणसं असतात आणि इथं तैवानची शिक्षिका, बेलारूसचा ट्रकचालक आणि जर्मनीतल्या आजीबाई एका भिशीत बसतात. आणि भिशीप्रमाणेच इथं बुडवणाऱ्याला फार काही साधता येत नाही. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेत ठेवता येतात, ती पोचत जातील तशी मर्यादा वाढते. पाठवल्याशिवाय मिळत नाही. साठ दिवसांत कार्ड पोचलं नाही तर ते तुमच्या मर्यादेतून वगळलं जातं, म्हणजे हरवलेल्या कार्डापायी तुमचा खेळ अडत नाही. पण नंतर कधीतरी पोचलंच तर वर्षाच्या आत नोंदवताही येतं. स्टेफाननी देशांसाठी जे गृहीत धरलं, ते इथं माणसांसाठी नियमात बसवलं आहे, आणि त्यातून ‘कोण कुणाला’ हा भागच काढून टाकला आहे.

एप्रिल २००८ मध्ये दहा लाखावं कार्ड पोचलं. जानेवारी २०१२ मध्ये एक कोटी, आणि आता हा आकडा सात कोटींच्या पुढे गेला आहे. २०११ मध्ये नेदरलंड्सनं या छंदावर तिकीट काढलं, मग इतर देशांनीही. सर्वांत जोरात पाठवणारे जर्मनी, अमेरिका, रशिया, तैवान, चीन इथले. भारतातून जाणारी कार्डं त्या मानानं थोडी आहेत, म्हणून भारताचं कार्ड मिळालं की लोक खूश होतात. हा इथल्या माणसाचा फायदा आहे, तो घ्यावा.

पाठवायचं काय? पन्नास पैशांचं आपलं साधं पोस्टकार्ड देशातल्या देशात चालतं. परदेशी जायला चित्रकार्ड आणि त्यावर परदेशाच्या दराचं तिकीट लागतं. चांगली चित्रकार्डं मिळणं ही इथली खरी अडचण. पर्यटनस्थळी मिळणारी कार्डं बहुतेकदा रंग उडालेली आणि पातळ असतात. मुंबई, पुणे, नागपूरच्या मुख्य पोस्टांतल्या फिलाटेलिक ब्युरोत टपाल खात्याची कार्डं मिळतात. पण खरी मौज तिकिटांत आहे. दर भागवायला एकच मोठ्या किमतीचं तिकीट लावण्याऐवजी चार-पाच छोटी, वेगवेगळी लावली तर पलीकडच्या घरी एका कार्डावर भारताचं छोटं प्रदर्शनच पोचतं. त्यात एखादं गोष्ट सांगता येईल असं असावं. २००६ चं चंदनाचं तिकीट घ्या. भारताचं ते पहिलं सुगंधी तिकीट, त्यानंतर गुलाब, मोगऱ्याच्या जातीची फुलं, २०१७ ला कॉफी. २०११ मध्ये गांधीजींचं एक तिकीट खादीवर छापलं होतं, ते काही कार्डावर चिकटवून उडवायचं नव्हे, सौद्यात ठेवायचं. आणि मराठी माणसानं परदेशी मित्राला आवर्जून सांगावं असं एक जुनं तिकीट आहे. १८ एप्रिल १९५८ ला, शंभराव्या वाढदिवशी, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं तिकीट निघालं, आणि ते बघायला कर्वे स्वतः हयात होते. हयातीत भारतीय तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस शंभर वर्षं जगतो आणि स्वतःचं तिकीट बघतो, ही गोष्ट कुठल्याही देशात कळते.

कार्ड पाकिटात घालून पाठवावं की उघडं, यावर संग्राहकांत जुने तट आहेत. पाकिटातलं कार्ड कोरं राहतं. माझं मत उघड्या कार्डाच्या बाजूनं. शिक्का नसलेलं, कोपरे न मुडपलेलं कार्ड दुकानातही मिळतं. ज्याच्या अंगावर दोन देशांच्या यंत्रांचे ओरखडे आणि नारिंगी रेघांची नक्षी आहे, तेच खरोखर आलेलं. फक्त थोडी काळजी घ्यावी. पावसाळ्यात जेल पेननं लिहू नये, पत्ता पसरतो. बॉलपेन बरं. पोस्टातल्या टेबलावरच्या डबीतला डिंक बोटभर लावला की तो तिकिटाच्या कडेनं बाहेर येतो आणि आपलं कार्ड शेजारच्या वीजबिलाला चिकटून जातं, म्हणून तिकिटं घरूनच नीट लावून न्यावीत. गुळगुळीत कार्डावर शिक्क्याची शाई पुसते. जमल्यास काउंटरवर देऊन शिक्का तिथंच मारून घ्यावा. घाईची वेळ टाळून गेलात तर पोस्टातली माणसं मन लावून शिक्का मारतात. बऱ्याच पर्यटनस्थळांच्या पोस्टांत तिथल्या वास्तूचं चित्र असलेला कायमचा शिक्काही ठेवलेला असतो, तो मागितल्याशिवाय कुणी मारत नाही.

पत्त्याबद्दल लोक उगाच घाबरतात. चिनी किंवा रशियन लिपीतला पत्ता छापून चिकटवला तरी चालतो. मुंबईच्या विदेश डाक भवनात बसलेल्या माणसाला फक्त देश कळावा लागतो, म्हणून शेवटच्या ओळीत देशाचं नाव ठळक इंग्रजीत लिहायचं. गल्ली आणि घर शोधणं हे पलीकडच्यांचं काम. उलट दिशेनं येणाऱ्या कार्डाची मात्र सगळी भिस्त सहा आकड्यांवर असते. परदेशी हातानं लिहिलेलं ‘वडगाव’ वाचून काही उपयोग नाही, महाराष्ट्रात वडगावं किती! १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला, तो याच गोंधळापायी. एकाच नावाची अनेक गावं, अनेक लिप्या, वाईट अक्षरं. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीचे, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. पुढच्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे तेच अध्यक्ष होते. परदेशाहून आलेलं कार्ड कोल्हापुरातल्या तुमच्या दारात बिनचूक येतं, तेव्हा त्यातला ४१६ हा वेलणकरांच्या डोक्यातून निघालेला असतो.

या सगळ्याचा पाया मात्र हलू लागला आहे. जेवढी जातात तेवढी येतात, हे बर्नमध्ये धरलेलं गणित विसाव्या शतकात खरं राहिलं नाही. श्रीमंत देशांतून मासिकं, जाहिराती, कॅटलॉग यांचे ढीग बाहेर पडत, आणि ज्यांना ते घरोघर वाटावे लागत त्यांना त्याबद्दल काहीच मिळत नसे. १९६९ च्या टोकियो परिषदेत ठरलं की ज्याला जास्त टपाल मिळतं त्याला पाठवणाऱ्यानं फरकाचे पैसे द्यायचे, आणि १९७१ पासून ते लागू झालं. चीनमधून निघणाऱ्या स्वस्त ऑनलाइन पाकिटांनी तो वाद पुन्हा पेटवला. २०१८ मध्ये अमेरिकेनं संघटना सोडायची धमकी दिली, आणि पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या खास परिषदेत अमेरिकेला स्वतःचे दर ठरवायची मुभा देऊन तिची समजूत काढली गेली. भांडण होतं मोबाइलच्या कव्हरांचं आणि चार्जरच्या वायरींचं, पण परदेशी टपाल महाग होतं तेव्हा कार्ड पाठवणाराही त्यात भरडला जातो.

२०२५ मध्ये हे आपल्याला प्रत्यक्षच दिसलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची करमाफी काढली. कर कोणी, कसा गोळा करायचा हे ठरेना, म्हणून भारतानं अमेरिकेचं टपाल आधी पार्सलांपुरतं आणि मग पत्रांसकट थांबवलं. ऑक्टोबरच्या मध्यावर ते परत सुरू झालं. तोवर दोन ओळींच्या कार्डालाही रस्ता नव्हता. त्याच वर्षाअखेर डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीनं पत्रं पोचवणंच बंद केलं. १६२४ पासून चालत आलेलं काम. पत्रांची संख्या २००० सालापासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, हे त्यांचं कारण. रस्त्यांवरच्या लाल पेट्या काढून घेतल्या. पत्रं आता तिथं एक खासगी कंपनी पोचवते, म्हणजे डेन्मार्कला कार्ड जातं, येतं, पण कार्ड टाकायला पेटीऐवजी दुकान शोधावं लागतं. अशा बातम्या वाचून हा छंद संपला, असं म्हणणारे बरेच. मला तसं वाटत नाही. पत्र लिहिणं गरजेचं होतं तोवर कार्ड हा निरोप होता. गरज संपल्यावरही लोकांनी सात कोटी कार्डं टाकली, तर त्यांना निरोप द्यायचा नव्हता हे उघड आहे.

मग कार्डावरच्या त्या तळहाताएवढ्या जागेत लिहायचं काय, हे सगळ्यात अवघड. “हाय, मी भारतातून, इथं खूप गरम आहे” हे लाखो कार्डांवर आहे. मिळालेली कार्डं बघितली तर लक्षात राहतात ती वेगळी. एका कार्डावर त्या दिवशीच्या बाजारातले बटाट्याचे भाव असतात, दुसऱ्यावर शेजाऱ्याच्या कुत्र्याशी चाललेलं वैर. आपल्याकडून लिहायला विषयांचा तोटा नाही. मंडईत पहिला हापूस कितीला पडला, एसटीच्या खिडकीची काच कशी अर्ध्यातच अडकते, घरातली एकादशी उपासाची असून जेवण नेहमीपेक्षा जड का होतं. पलीकडचा माणूस ते वाचून नकाशात गाव शोधतो. अक्षर जरा मोठं काढावं, क्रमांक दोनदा लिहावा, कारण शिक्का बरोबर त्याच्यावर बसतो. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातली पट्टी कोरी ठेवावी, तिकडचं यंत्र तिथं आपल्या रेघा छापतं.